आईच्या पश्चात घर कोणाचे? मालमत्तेतील भावी हक्क ओळखण्याची रीत

वडिलांच्या मृत्युपत्रात पुढील मजकूर आहे असे समजू: ‘माझे राहते घर माझ्या पत्नीने तिच्या हयातीपर्यंत उपभोगावे. तिला ते विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा बक्षीस देण्याचा अधिकार राहणार नाही. तिच्या पश्चात सदर घर माझा मुलगा व माझी मुलगी यांना समसमान मिळावे.’ महाराष्ट्रात लिहिल्या जाणाऱ्या मृत्युपत्रांत थोड्याफार फरकाने हा मजकूर वारंवार आढळतो. वडील गेल्यानंतर घरात पहिला प्रश्न निघतो तो असा, की आई हयात आहे तोवर मुलांचा या घरात काही हक्क आहे की नाही. ‘आई आहे तोवर काहीच नाही’ हे त्याचे नेहमीचे उत्तर चुकीचे आहे. मुलांना घरात राहण्याचा किंवा भाडे घेण्याचा हक्क आज नाही हे खरे. पण वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच त्यांच्याकडे एक पक्का हक्क आलेला आहे, त्याचा उपभोग फक्त पुढे ढकलला गेला आहे. अशा हक्काला भावी हक्क म्हणतात, आणि तो नीट न ओळखल्यामुळे विधवा स्त्रिया, मुली आणि अकाली गेलेल्या मुलांच्या बायका-मुले यांचे मोठे नुकसान होते. म्हणून असा दस्त हाती आला की तो कोणत्या क्रमाने वाचावा, हे येथे मांडत आहे.

आधी कोणता कायदा लागू होतो ते ठरवावे. मालकाने आपल्या हयातीत बक्षीसपत्र, न्यासपत्र अशा दस्ताने मालमत्ता दिली असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ पाहावा लागतो. मृत्युपत्राने दिली असेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५. भावी हक्कांविषयीचे दोन्ही कायद्यांतील नियम बरेचसे सारखे आहेत. मुस्लिम कुटुंबांना हे विवेचन जसेच्या तसे लागू होत नाही, कारण १८८२ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या प्रकरणाने मुस्लिम कायद्याच्या नियमांना धक्का लावलेला नाही आणि त्या कायद्यात मूळ वस्तू व तिचा उपभोग यांत वेगळ्या रीतीने भेद केला जातो. गोव्यातील वाचकांनीही थांबावे: तेथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकारविषयक अधिनियमात असलेली व्यवस्था चालते, आणि मुले असतील तर मालकाला आपल्या मालमत्तेच्या अर्ध्याच भागाची मृत्युपत्राने मनाजोगती वाटणी करता येते. पुढील उदाहरणे महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबाची आणि स्वकष्टार्जित घराची आहेत.

मूळ दस्त हाती घ्या

भावाने सांगितले, वकिलांनी फोनवर वाचून दाखवले, सोसायटीच्या सेक्रेटरींकडे झेरॉक्स आहे, एवढ्यावर कोणताही निष्कर्ष काढू नये. दस्ताची प्रमाणित नक्कल मिळवावी. बक्षीसपत्र नोंदणीकृतच असावे लागते, त्यामुळे त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी झालेली असल्यास मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्यालाच मिळते, त्याच्या मृत्यूनंतर मात्र इतरांनाही मागता येते. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या सूचीच्या उताऱ्यावर, विसंबून राहू नये, कारण त्यात दस्ताचा प्रकार, पक्षकार आणि मिळकतीचे वर्णन असते. ‘तिच्या पश्चात’ने सुरू होणारे वाक्य, ज्यावर सगळे अवलंबून आहे, ते बहुधा तेथे सापडत नाही.

दस्ताच्या शीर्षकावरही जाऊ नये. ‘बक्षीसपत्र’ असे मथळ्यात लिहून आत ‘माझ्या मृत्यूनंतर तू मालक होशील, तोवर मालकी माझीच’ असे असेल तर तो दस्त आशयाने मृत्युपत्र ठरू शकतो, आणि मृत्युपत्र करणाऱ्याला ते हयातीत केव्हाही रद्द करता येते. याउलट ‘आजपासून मालकी तुझी, मी फक्त हयातभर येथे राहीन’ असे असेल आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले असेल, तर ते खरे बक्षीसपत्र आहे. देणाऱ्याने हयातीपुरता ताबा स्वतःकडे राखल्याने बक्षीस अवैध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रेणिकुंतला राजम्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे. असे बक्षीसपत्र मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. मुलांनी सांभाळ करावा या अटीवर ते दिले असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २३ चा आधार वृद्ध आईवडिलांना मिळू शकतो. मात्र ती अट दस्तातच नमूद केलेली असेल तर त्यांची बाजू कितीतरी भक्कम होते.

पहिल्या व्यक्तीला नेमके काय मिळाले?

दुसऱ्याचा भावी हक्क हा पहिल्याला जे दिले नाही त्यातून निर्माण होतो. म्हणून मुलांचे वाक्य वाचण्याआधी आईचे वाक्य वाचावे. ‘हयातीपर्यंत उपभोगावे’, ‘विकण्याचा अधिकार नाही’ असे शब्द असतील तर तिला हयात हक्क मिळाला, ज्याला कोर्टकचेरीत लाइफ इंटरेस्ट म्हणतात. पण ‘माझी पत्नी घराची संपूर्ण मालक होईल आणि तिच्या पश्चात ते मुलाला मिळावे’ असे लिहिले असेल तर चित्र पालटते. संपूर्ण मालकी एकदा दिल्यावर तीच मालमत्ता पुन्हा दुसऱ्याला देण्याचा अधिकार मृत्युपत्र करणाऱ्याकडे उरत नाही. २००२ च्या मौलेश्वर मणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. अशा वेळी मुलाला भावी हक्क मिळत नाही. आई ते घर विकू शकते, किंवा स्वतःच्या मृत्युपत्राने मुलीला देऊ शकते. मृत्युपत्राचा अर्थ संपूर्ण मजकूर एकत्र वाचून लावायचा असल्यामुळे एकाच शब्दावर अडून बसू नये. ‘मालक’ हा शब्द लोक सैलपणे वापरतात, आणि पुढच्याच ओळीत विक्रीची मनाई असेल तर दोन्ही वाक्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न न्यायालय आधी करते.

हयात हक्क स्त्रीला दिलेला असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि ती कधीही गाळू नये. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४(१) नुसार हिंदू स्त्रीकडे असलेली मालमत्ता ती पूर्ण मालकीने धारण करते. कलम १४(२) मध्ये अपवाद असा आहे की मृत्युपत्र, बक्षीसपत्र वगैरे दस्तानेच तिला मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो. या दोहोंची सीमा १९७७ मध्ये तुलसम्मा प्रकरणात आखली गेली: स्त्रीचा पोटगीसारखा हक्क आधीपासून होता आणि त्यापोटी मालमत्ता दिली गेली, तर दस्तात ‘हयातीपर्यंत’ असे लिहिलेले असूनही ती पूर्ण मालक होते. दस्ताने तिला प्रथमच नवा हक्क दिला असेल तर मर्यादा टिकते. पतीने स्वकष्टार्जित मालमत्तेत मृत्युपत्राने पत्नीला दिलेला हयात हक्क मर्यादितच राहतो, असे २००६ च्या साधू सिंग आणि २०२२ च्या जोगी राम प्रकरणांत ठरले. तरीही निवाड्यांच्या दोन प्रवाहांत विसंगती असल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये तेज भान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याचा आदेश दिला. म्हणून मृत्युपत्रात पोटगीचा, निर्वाहाचा उल्लेख आहे का, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘तिच्या चरितार्थासाठी’ एवढे दोन शब्दही पुढे दाव्याचा मुद्दा बनू शकतात, आणि माझ्या मते अशा दस्ताच्या आधारे विधवेला ‘तुमचा काही अधिकार नाही’ असे छातीठोकपणे सांगणे अन्यायाचे आहे.

दुसऱ्याचा हक्क निहित की समाश्रित?

आता मुलांचे वाक्य घ्यावे. भावी हक्क दोन प्रकारचे असतात. जो हक्क आजच मिळालेला आहे आणि ज्याचा केवळ उपभोग लांबणीवर आहे, तो निहित हक्क. वकील त्याला व्हेस्टेड म्हणतात. जो एखादी अनिश्चित घटना घडली तरच मिळणार आहे, तो समाश्रित हक्क, म्हणजे कंटिंजंट. पारख करताना एकच प्रश्न विचारावा: वाट पाहायची आहे ती घटना नक्की घडणारी आहे की नाही? आईचा मृत्यू केव्हा होईल हे ठाऊक नसले तरी तो होणार हे निश्चित आहे, म्हणून ‘आईच्या पश्चात मुलांना’ हा हक्क निहित आहे. ‘मुलीने वकिलीची परीक्षा उत्तीर्ण केल्यास’, ‘मुलगा परदेशातून कायमचा परत आल्यास’ या घटना घडतील किंवा घडणार नाहीत, म्हणून तेथे हक्क समाश्रित आहे.

हा फरक कागदी वाटतो, पण कुटुंबात मधलाच एक मृत्यू झाला की त्याचे परिणाम दिसतात. सुरुवातीचे मृत्युपत्र पुन्हा घेऊ. वडील वारले; त्यानंतर काही वर्षांनी, आई हयात असताना, मुलगा मृत्युपत्र न करता वारला; त्याच्यामागे पत्नी आणि एक मुलगी आहे. मुलाचा अर्धा हिस्सा वडिलांच्या मृत्यूवेळीच त्याच्याकडे निहित झाला असल्यामुळे तो बुडत नाही, त्याच्या वारसांकडे जातो. हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत पत्नी आणि मुलीबरोबर आईही येते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणजे त्या अर्ध्या हिश्श्याचे तीन सारखे भाग होतात आणि संपूर्ण घराचा सहावा भाग सून, सहावा भाग नात आणि सहावा भाग खुद्द आई यांना भावी हक्काच्या रूपाने मिळतो. आईला हा सहावा भाग पतीच्या मृत्युपत्राने नव्हे, तर मुलाची वारस म्हणून मिळाला, त्यामुळे त्यावर मृत्युपत्रातील बंधन नाही. पुढे आईही मृत्युपत्र न करता वारली, तर तिचा सहावा भाग तिची मुलगी आणि मृत मुलाची मुलगी यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. अखेरीस घराच्या बारा हिश्श्यांपैकी सात मुलीला, तीन नातीला आणि दोन सुनेला मिळतात.

आता मृत्युपत्रातील केवळ एक वाक्य बदलून पाहावे: ‘तिच्या मृत्यूसमयी माझ्या मुलांपैकी जी हयात असतील त्यांना मिळावे.’ आईच्या मृत्यूवेळी हयात असणे ही अनिश्चित घटना आहे, म्हणून हा हक्क समाश्रित झाला. मुलगा आईआधी गेला, सबब त्याला काही मिळालेच नाही, आणि त्याच्या पत्नी-मुलीला त्याच्यामार्फत काही मिळत नाही. सबंध घर मुलीचे होते. तेच कुटुंब आणि तोच मृत्यूंचा क्रम असूनही सून-नातीला पहिल्या मृत्युपत्राखाली बारापैकी पाच हिस्से मिळाले होते, दुसऱ्याखाली शून्य. वडिलांना खरोखर हेच हवे होते का, हा प्रश्न मृत्युपत्र लिहिताना कोणी तरी त्यांना विचारायला हवा होता.

मुलगा वडिलांच्याही आधी वारला असता तर निराळा नियम लागतो. लाभार्थी मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी मरण पावला तर देणगी सर्वसाधारणपणे निष्फळ होते. पण लाभार्थी हा मृत्युपत्र करणाऱ्याचे अपत्य असेल आणि त्याच्यामागे त्याची मुलेबाळे हयात असतील, तर १९२५ च्या अधिनियमातील कलम १०९ मुळे ती निष्फळ होत नाही, मृत्युपत्रात वेगळा हेतू नसेल तर.

वयाच्या अटींत मोठी गफलत होते. ‘नातीला ती अठरा वर्षांची झाल्यास द्यावे’ असे असेल आणि ती सोळाव्या वर्षी वारली, तर हक्क आलाच नाही. ‘नातीला दिले आहे, ताबा मात्र अठराव्या वर्षी द्यावा’ असे असेल तर हक्क आलेला आहे आणि तो तिच्या वारसांकडे जाईल. पहिल्या प्रकारच्या वाक्यातही, मधल्या काळातील भाडे किंवा उत्पन्न तिच्याचसाठी खर्च करावे असे सांगितले असेल, तर कायदा तो हक्क समाश्रित मानत नाही.

न जन्मलेल्यांसाठी किती पुढे जाता येते?

नातवंडे अजून जन्मली नसतील तरी त्यांना मालमत्ता देता येते, पण दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की मधल्या काळासाठी हयात हक्क कोणाला तरी दिलेला असावा लागतो आणि न जन्मलेल्याला द्यायचे तर उरलेला सगळा हक्क द्यावा लागतो. ‘मुलाला हयातीपर्यंत, मग त्याला होणाऱ्या मुलाला हयातीपर्यंत, मग पणतवाला’ अशी साखळी, नातू मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूवेळी जन्मलेला नसेल तर, नातवापाशीच तुटते, आणि नातवाची देणगी निष्फळ झाली की तिच्यामागून येणारी पणतवाचीही होते. घर पिढ्यान्पिढ्या कुटुंबातच राहावे ही इच्छा मी समजू शकतो, पण कायदा ती या मार्गाने पुरवत नाही.

दुसरी मर्यादा काळाची. हक्क निहित होणे हयात व्यक्तींच्या आयुष्यापलीकडे लांबवता येते ते फार तर पुढच्या लाभार्थ्याच्या अज्ञानपणापुरते, म्हणजे त्याच्या वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. ‘होणारा नातू पंचवीस वर्षांचा झाला तरच’ ही अट त्यामुळे टिकत नाही. ‘माझ्या मुलाच्या मुलांना’ असे वर्गवार दिले असेल आणि मध्ये आजीचा हयात हक्क असेल, तर आजोबांच्या मृत्यूनंतर पण आजीच्या हयातीत जन्मलेली नातवंडेही त्या वर्गात मोडतात.

मधल्या काळात कोणी काय करावे

हयात हक्क असलेल्या आईला घरात राहता येते आणि भाडे आले तर ते तिचे असते. मुलांना ते मागता येत नाही. तिने घर पाडू नये किंवा त्याची कायमची हानी करू नये. तसे घडू लागले तर निहित हक्क असलेले वारस दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागू शकतात. दस्तात ‘उपभोग’ नसून केवळ ‘राहण्याचा वैयक्तिक हक्क’ दिला असेल तर तो आणखी अरुंद असतो. तो दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाही.

मुलांना आपला निहित हक्क आजही विकता येतो, मृत्युपत्राने देता येतो, आणि त्यांचा सावकार त्यावर जप्तीही आणू शकतो. निव्वळ समाश्रित हक्क मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मुळे जप्तीपासून सुरक्षित आहे.

घर विकायचेच असेल तर आई आणि निहित हक्क असलेले सर्वजण यांनी एकाच खरेदीखतावर सह्या कराव्यात. तेव्हाच घेणाऱ्याला संपूर्ण मालकी मिळते. हक्कदारांत अज्ञान मूल असेल तर त्याच्या वाट्यासाठी जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी. आईने एकटीने विकले तर घेणाऱ्याला तिच्या हयातीपुरताच हक्क मिळतो, आणि ताब्याच्या दाव्यासाठी मुलांची बारा वर्षांची मुदत आईच्या मृत्यूपासून मोजली जाते. तरीही तोवर हातावर हात ठेवून बसणे मला पटत नाही. शेतजमीन असेल तर मृत्युपत्रावरून फेरफार होतानाच तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आपली नोंद करून घ्यावी, शहरात मालमत्ता पत्रकावर तशी नोंद मागावी, आणि सोसायटीला दस्ताची नक्कल देऊन पोच घ्यावी. या नोंदींनी मालकी निर्माण होत नाही, पण पुढच्या खरेदीदाराला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणणे कठीण जाते.

जे भावी हक्क नाहीत

सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून नाव असणे हा भावी हक्क नव्हे. खरे वारस ठरेपर्यंत सोसायटीने कोणाशी व्यवहार करावा, एवढेच त्याने ठरते. तसेच वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलांना ‘आपल्याला मिळेल’ ही केवळ आशा असते, आणि १८८२ च्या अधिनियमाचे कलम ६ अशा आशेचे हस्तांतरण होऊ देत नाही.

लग्न झालेल्या मुलीकडून वडिलांच्या हयातीतच हक्कसोडपत्रावर सही घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तिच्याविषयी म्हणूनच सावध राहावे. स्वकष्टार्जित मालमत्तेत तिच्याकडे त्या वेळी सोडण्याजोगा हक्कच नसतो. तरीही सहीच्या बदल्यात पैसे घेतले असतील आणि त्यावर विसंबून इतरांनी काही केले असेल, तर पुढे हिस्सा मागताना तिला अडवले जाऊ शकते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला जन्मतः हक्क आहे, आणि विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये तो वडील हयात असण्यावर अवलंबून नाही असे ठरले. त्यामुळे तेथे तीच सही खराखुरा हिस्सा घालवते. कोणती मालमत्ता कशी आली याचे कागद पाहिल्याशिवाय बहिणीकडून अशी सही मागू नये, आणि बहिणीने ती देऊ नये.

ज्यांना स्वतःचे मृत्युपत्र लिहायचे आहे त्यांनी वकिलांकडे जाण्याआधी घरातील मृत्यूंचे सगळे क्रम कागदावर मांडावेत: मुलगा पत्नीआधी गेला तर, मुलगी निपुत्रिक गेली तर, पत्नीला उपचारासाठी पैशांची गरज पडली तर. प्रत्येक शक्यतेपुढे आपली इच्छा एका साध्या वाक्यात लिहावी, उदाहरणार्थ, ‘मुलांपैकी कोणी माझ्या पत्नीच्या आधी मृत झाल्यास त्याचा हिस्सा त्याच्या वारसांना मिळावा’, किंवा ‘वैद्यकीय खर्चासाठी गरज पडल्यास दोन्ही मुलांच्या लेखी संमतीने घर विकता येईल व उरलेली रक्कम तिच्या नावे ठेवून तिचे व्याज तिला मिळेल’. घरपट्टी, सोसायटीची देखभाल वर्गणी आणि मोठी दुरुस्ती कोणी करायची हेही त्यातच लिहावे, कारण हयात हक्क असलेली आई आणि भावी हक्क असलेली मुले यांच्यातले खटके पुष्कळदा छताच्या गळतीचे बिल कोणी भरायचे यावरूनच सुरू होतात.